सायखेड्याच्या पाण्यात पीस की प्लॅस्टिक?

गळाला काय लावायचं, हा प्रश्न गोदाकाठच्या गावांत फार काळ कुणाला पडत नव्हता. पावसाळ्यात उकिरड्याच्या कडेची माती जरा उकरली की गांडुळं हाताला लागत. उन्हाळ्यात ती खोल गेली की घरातून कणकेचा गोळा उचलायचा. बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि एक गळ एवढ्यावर काम भागायचं. सायखेडा, चांदोरी, करंजगाव, शिंगवे हा निफाड तालुक्यातला पट्टा मुळात द्राक्षांचा आणि कांद्याचा. पण गोदावरी घराच्या मागून वाहत असली की बागेतल्या कामातून सवड मिळाल्यावर माणसाचे पाय काठाकडे वळणारच.

आता काठीच्या जागी फायबरचा रॉड आला, रीळ आलं. मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघून घरपोच सामान मागवणाऱ्या हौशी मंडळींच्या डबीत एक नवी वस्तूही दिसू लागली. तिचं नाव जिग. मागवताना लगेच पेच पडतो, कारण तिचे दोन पंथ आहेत. एक मऊ प्लॅस्टिकची शेपटी लावलेला, दुसरा केस किंवा पिसं बांधलेला. अमेरिकेत ब्लूगिल, क्रॅपी, पर्च अशा तव्यात अख्ख्या मावणाऱ्या छोट्या माशांसाठी या दोन पंथांत वर्षानुवर्षं वाद रंगतो. तिथला निकाल सायखेड्याच्या पाण्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण इथली नदी वेगळी आणि मासेही वेगळे.

जिग म्हणजे गळच, फक्त त्याच्या डोक्याशी शिशाचा छोटा गोळा ओतलेला. गळाची दांडी कडीजवळ वाकवलेली असते. त्यामुळे कडी गोळ्याच्या वरच्या बाजूला येते आणि पाण्यात लटकताना गळाचं टोक आभाळाकडे राहतं. तळाशी फांदी, दगड, चिंधी काही असलं तरी खाली टोक असलेल्या गळापेक्षा हा कमी अडकतो. पण गांडुळाला जशी स्वतःची वळवळ आणि वास असतो, तसं जिगकडे काहीच नसतं. त्याला जिवंत करायचं काम माणसाच्या मनगटाचं आणि मागे लावलेल्या शेपटीचं. म्हणून शेपटी कसली, याला इतकं महत्त्व.

सायखेड्यात तव्यातला मासा कोणता, याचं उत्तर चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला मासा. मोझांबिक जातीची चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि पुढे तळी, धरणं, नद्या असं करत तिने देशभर पाय पसरले. मादी अंडी तोंडात घेऊन उबवते, पिल्लंही धोका दिसताच तिच्या तोंडात शिरतात. इतकी राखण असल्यावर पिल्लं वाचण्याचं प्रमाण मोठं. त्यात हा मासा लहान वयात, लहान आकारातच विणीला लागतो, म्हणून गर्दी झालेल्या पाण्यात चिलापी मोठी होतच नाही. तळहाताएवढे मासे मात्र ढिगाने मिळतात. अमेरिकी तळ्यांत ब्लूगिलचं नेमकं असंच होतं. तिथली काही युक्ती इथे चालते ती या साम्यामुळे.

चालते, पण अर्धीच. चिलापी ही काही शिकारी नव्हे. शेवाळ, तळाचा गाळ, किड्यांच्या अळ्या असं मिळेल ते ती टिपते. मोठं, भडक, वेगाने पळणारं आमिष तिच्यापुढून गेलं तर ती बाजूला होते. छोटा जिग ती दोन कारणांनी तोंडात घेते. एक म्हणजे तो अळीसारखा संथ लोंबकळत असेल तर. दुसरं कारण रागाचं. विणीच्या काळात नर उथळ पाण्यात तळाशी खोलगट खड्डा करून त्याची राखण करतो आणि खड्ड्यात आलेली कोणतीही वस्तू तोंडाने उचलून बाहेर टाकतो. त्या उचलण्यातच तो सापडतो.

मरळीची गोष्ट उलट. ती पक्की शिकारी, आणि हवेतून श्वास घेत असल्याने कमी प्राणवायूच्या, साचलेल्या पाण्यातही टिकते. तिला प्लॅस्टिकचा बेडूक किंवा लांब शेपटीचा मोठा जिग लागतो. शिंगटी संध्याकाळनंतर तळाशी फिरते आणि वासावर येते, तिला गांडुळाची सर दुसऱ्या कशाला नाही. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाते, रोहू मुख्यतः वनस्पतीवर जगतो. या दोघांसाठी जिग घेऊन बसणं म्हणजे दिवस वाया घालवणं, तिथे कणीकच बरी.

चिलापी असो की ब्लूगिल, छोटा मासा घास चावून घेत नाही, ओढून घेतो. तोंड आणि कल्ल्यांची झाकणं झटक्यात फुगवली की आत पोकळी होते आणि समोरचं पाणी त्यातल्या वस्तूसकट आत खेचलं जातं. ही ओढ छोट्या माशाची छोटीच. जिग हलका असेल तर तो पाण्याबरोबर आत जातो, जड असेल तर पाणी आत जातं आणि जिग ओठांशीच राहतो. काठावरच्या माणसाला टोचा जाणवतो, तो झटका देतो आणि रिकामा गळ वर येतो. ‘मासा खातोय पण लागत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा वजनाची असते, नशिबाची नव्हे. संथ पाण्यात चिलापीसाठी एक ग्रॅमच्या आसपासचा जिग पुरे, थोडा कमीच चांगला. वारा असेल किंवा धार चालू असेल तर दोन ग्रॅमपर्यंत जावं. त्यापुढे जायची वेळ आली, तर जागा बदललेली बरी. इतकं हलकं वजन नुसतं फेकलं जात नाही. त्याला पातळ तंगूस आणि वर छोटा तरंगा लागतो, म्हणजे फेकायला वजन तरंग्याचं मिळतं आणि खाली जिग हव्या त्या खोलीवर टांगून राहतो.

आता शेपटीकडे. मऊ प्लॅस्टिकचा इतिहास तसा ताजा आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी निक क्रीम आणि त्यांची पत्नी कॉस्मा यांनी १९४९ मध्ये घरच्या घरी प्लॅस्टिकचा मऊ किडा ओतून बघितला, तिथून हा धंदा उभा राहिला. आजही कृती फारशी बदललेली नाही. पीव्हीसीची पूड मऊपणा आणणाऱ्या द्रवात कालवायची, तापवायची, रंग आणि चमकी घालायची आणि साच्यात ओतायची. साचा बदलला की अळी, मासोळी, बेडूक, वळलेली शेपटी, जे हवं ते मिळतं.

प्लॅस्टिकचे गुण सरळ आहेत. एक, तोंडात गेल्यावर ते मऊ लागतं, त्यामुळे मासा ते क्षणभर जास्त धरून ठेवतो आणि नवख्या हाताला तेवढी उसंत मिळते. दोन, वळलेली शेपटी नुसती ओढली तरी थरथरते. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्यातली कंपनं टिपणारी रेषा असते, त्यामुळे गढूळ पाण्यात डोळ्यांना न दिसणारी शेपटीही त्याला कळते. तीन, रंग बदलायला गाठ सोडावी लागत नाही, जुनी शेपटी ओढून काढायची आणि नवी चढवायची. ही चढवण्याची रीत मात्र शिकून घ्यावी. गळाचं टोक शेपटीच्या डोक्यात बरोबर मधोमध घुसवायचं, आतून सरळ पुढे न्यायचं आणि जिथून बाहेर काढायचं ती जागा आधी गळ शेजारी धरून मापून घ्यायची. चढवल्यावर शेपटीला सुरकुती पडली, बाक आला, तर ती पाण्यात गोल गोल फिरते, तंगुसाला पीळ बसतो आणि मासा जवळ येऊन परत जातो. दुकानातलं महागडं प्लॅस्टिक ‘चालत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी आधी हा बाक तपासावा.

दोषही आहेत. चिलापी शेपटीचं टोक खुडून नेते. बिनशेपटीचा तुकडा नुसता शिशामागे लटकतो, त्याला कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत पाकीट राहिलं तर सगळ्या शेपट्या वाकड्या होतात. वेगळ्या जातीचं, रबरासारखं ताणलं जाणारं प्लॅस्टिकही बाजारात असतं. ते आणि पीव्हीसी एका डबीत ठेवलं तर दोन्ही विरघळून चिकट लगदा होतो. ज्या त्या पाकिटात ज्याचं ते ठेवणं हाच उपाय.

केसांचा आणि पिसांचा जिग दिसायला गरीब. कोरडा असताना झाडूच्या तुटलेल्या काडीसारखा, भिजला की बारीक होऊन जाणारा. पण पाण्यात स्थिर टांगला तरी त्याचं एकेक पीस आपोआप हलत राहतं. काही ओढायला नको, मनगट हलवायला नको. परदेशात यासाठी माराबू नावाचं पीस प्रसिद्ध आहे. ते पूर्वी आफ्रिकेतल्या माराबू करकोच्याचं असे, आता त्या नावाने टर्कीची लव विकली जाते. थंडीतला मासा सुस्त असतो, त्याला पाठलाग करायचा नसतो. त्याच्या तोंडापुढे जवळजवळ न हलता काहीतरी श्वास घेतल्यासारखं दिसावं लागतं, आणि ते काम प्लॅस्टिकपेक्षा पीस चांगलं करतं.

इथे निफाडची थंडी कामाला येते. राज्यात पारा सर्वांत खाली कुठे गेला, या बातमीत दर हिवाळ्यात निफाडचं नाव असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पहाटेचं तापमान पाच अंशांच्या खाली उतरतं, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. नदीचं पाणी हवेइतकं गार होत नाही, हे खरं. पण चिलापी उष्ण प्रदेशातली. पाणी विशीच्या खाली आलं की तिची भूक मंदावते, सोळा-सतराच्या खाली ती खाणं जवळपास सोडून देते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला काठावर जाणाऱ्याने स्वतःलाच गारठवून घ्यावं, माशाला त्याची गरज नाही. ऊन चांगलं तापल्यावर, अकरा ते तीनच्या दरम्यान, उन्हातल्या उथळ पाण्याच्या कडेला अर्ध्या ग्रॅमचा पिसाचा जिग तरंग्याखाली सोडून गप्प बसणं, हा गोदाकाठचा हिवाळी डाव. पाणीही तेव्हा वर्षातलं सर्वांत नितळ असतं, म्हणून रंग साधे घ्यावेत: पांढरा, तपकिरी, राखाडी.

मार्चपासून गणित फिरतं. पाणी तापतं, चिलापी विणीला लागते, खड्ड्यांची राखण सुरू होते. आता प्लॅस्टिकची दीड इंची शेपटी पुढे.

पावसाळ्यात तर जिग डबीतच राहू द्यावा. वर गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सुटलं की सायखेड्याची नदी ओळखू येत नाही. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सायखेडा आणि चांदोरीत घराघरांत पाणी शिरलं होतं. वरून वाहत आलेल्या पाणवेली पुलाला अडकतात आणि पाण्याची वाट अडवतात, हे दुखणं इथल्या लोकांना पाठ आहे. अशा पाण्यात गळ टाकायला काठावर उभं राहणं हा मूर्खपणा आहे, त्यात शौर्य काही नाही. पूर ओसरल्यावर पाणी काही आठवडे चहाच्या रंगाचं राहतं. तेव्हा काळी किंवा पोपटी पिवळी शेपटी चालते. काळी यासाठी की वरच्या उजेडापुढे तिची आकृती ठळक उठते.

पाणवेलीबद्दल आणखी थोडं. नदीला ती शाप, पण गळ टाकणाऱ्याला तिची कड हवीच असते. लोंबणाऱ्या मुळांत किडे आणि झिंगे राहतात, खाली सावली असते, आणि छोटे मासे त्या सावलीच्या रेषेवर थांबतात. जिग वेलीत फेकायचा नाही, कडेपासून हातभर अंतरावर सोडायचा. पिसाचा जिग मुळांत अडकला तर पिसं तिथेच राहतात. प्लॅस्टिक निदान सुटून येतं, शेपटी गेली तर दुसरी लावता येते. त्यामुळे वेलीच्या कडेला हिवाळ्यातसुद्धा प्लॅस्टिकच घ्यावं. याच कडेला कधी लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागावर उकळल्यासारखा दिसतो. ती मरळीची पिल्लं, आणि खाली आई-बाप राखणीला असतात. त्या वेळी बेडूक फेकला तर मरळ हमखास झेप घेते. भुकेने नव्हे, पिल्लांसाठी. ती काढली की अख्खा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. तिथून पुढे सरकावं.

पिसाच्या जिगचा मोठा फायदा म्हणजे तो घरी बनतो. गावठी कोंबड्याच्या मानेवरची लांब पिसं, शेळीचे मऊ केस, लाल किंवा काळा शिवणाचा रेशमी दोरा आणि नखांना लावायचं पारदर्शक पॉलिश एवढंच सामान. जिग पकडीत घट्ट धरायचा, शिशाच्या मागे दोऱ्याचे दहा-बारा वेढे देऊन बैठक करायची. मग पिसांची छोटी चिमूट ठेवायची. लांबी गळाच्या दीडपट, जाडी वाटते त्याच्या निम्मी. नवशिक्याचा हात इथेच सैल सुटतो. दाट बांधलेला जिग पाण्यात बोळा होऊन पडतो, विरळ बांधलेला हलतो. वर आणखी वेढे, दोन गाठी, पॉलिशचा थेंब, आणि रात्रभर वाळवण. हरणाच्या केसांचा जिग परदेशी व्हिडिओंत सर्रास दिसतो. तो इथे करून बघायचा विचारही नको. चितळ, सांबर, काळवीट यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं संरक्षण आहे, आणि ‘केसच तर आहेत’ हा बचाव वनखात्यापुढे टिकत नाही. शेळी आणि कोंबडा पुरेसे आहेत.

कोणत्या माशाला काय चारावं, हा खल आपल्याकडे नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरणच आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात ही नोंद ज्यात आहे तोच हा ग्रंथ. राजाने त्यात माशांच्या जाती, त्यांना चारायचे पदार्थ आणि गळाने मासे धरण्याची रीत सांगितली आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहून ते अभ्यासकांपुढे आणलं.

सायखेड्यात मात्र निवडीच्या आड आणखी एक गोष्ट येते, आणि ती पीस किंवा प्लॅस्टिकइतकीच महत्त्वाची आहे. इथून गोदावरी पुढे नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याकडे जाते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा जलाशय १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य झाला आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. २४० हून अधिक जातींचे पक्षी तिथे नोंदले गेले आहेत. बदकं आणि त्यांच्यासारखे पाणपक्षी दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. तळाशी पडलेला शिशाचा गोळा त्यांना खड्यासारखाच दिसतो. पोटाच्या जात्यात तो घासला जातो, शिसं रक्तात उतरतं आणि पक्षी खंगून मरतो. इंग्लंडमध्ये हंस याच कारणाने मरू लागले, तेव्हा १९८७ मध्ये गळाच्या छोट्या शिशांच्या विक्रीवर बंदी आली आणि हंसांची संख्या सावरली. म्हणून जिग घेताना डोकं कशाचं आहे ते विचारावं. टंगस्टन शिशाच्या दीडपटीहून अधिक घन असतं. त्याच वजनाचा गोळा लहान होतो, त्यामुळे माशाच्या तोंडातही सहज जातो. किंमत जास्त, हे खरं. कथील आणि पितळ शिशापेक्षा हलके, पण एक ग्रॅमच्या जिगला तेवढ्याने काही फरक पडत नाही.

प्लॅस्टिकचाही हिशेब आहे. तुटलेली शेपटी नदीत कुजत नाही. अमेरिकेत ब्रुक ट्राउट जातीच्या माशांवर झालेल्या अभ्यासात मासे पाण्यात पडलेली अशी आमिषं आपणहून गिळताना आढळले. ती पोटातून बाहेर पडत नाहीत आणि माशाची भूक मारतात. फाटक्या शेपट्यांसाठी खिशात एक रिकामं पाकीट ठेवणं कुणालाही जमण्यासारखं आहे. तुटलेल्या तंगुसाचंही तेच, तो बगळ्याच्या पायात अडकला तर सुटत नाही.

मग घ्यावं काय? ज्याने कधी जिग टाकलेला नाही त्याने प्लॅस्टिकने सुरुवात करावी. एक ग्रॅमची चार डोकी, पांढऱ्या आणि काळ्या रंगाच्या दीड इंची शेपट्यांचं एकेक पाकीट आणि एक तरंगा, बस्स. उन्हाळाभर हात बसू द्यावा. दिवाळीनंतर पाणी निवळलं की घरी बांधलेला पिसाचा जिग काढावा. गोदाकाठच्या हिवाळ्यात चिलापीसाठी पीसच सरस, याबद्दल दुमत होऊ नये. गांडूळ दोघांपेक्षा जास्त मासे काढून देतं, हे त्यानंतरही खरंच राहील. जिगची मजा वेगळी, इतकंच.

काठावर जाण्याआधी दोन चौकशा कराव्यात. त्या पाण्यात मासेमारीचा ठेका किंवा हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे का, आणि आपण उभे आहोत ती जागा अभयारण्याच्या हद्दीत तर येत नाही ना. नांदूर मध्यमेश्वरची हद्द बंधाऱ्यापुरती नाही, नदीकाठची अनेक गावं तिच्यात येतात. त्या हद्दीत गळ टाकायचा नाही, मग त्याला पीस लावलेलं असो की प्लॅस्टिक.